‘सॉरी, आई’ विकणे आहे

२७ मे, मंगळवार

गाडी विकायची. ठरलं. शांत डोक्याने, सगळ्या बाजूंनी विचार करून ठरलं. भीतीबितीचा काही संबंध नाही, हे इथं आधीच लिहून ठेवतो.

कारणं: पेट्रोल फार पिते. गॅरेजमध्ये गवत कापायच्या मशीनला जागा उरत नाही. आणखी एक होतं, आत्ता आठवत नाही.

नेडीनला सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. म्हणाली, “मला अजून एकही चक्कर मारून आणली नाहीस, आणि विकतोयस?” मी म्हटलं, बाजार चांगला आहे. ती म्हणाली, “बरं.” माझ्या बायकोने सगळी नोकरी शाळेच्या खानावळीत काढली. तिच्या नुसत्या ‘बरं’वर पोरं निमूट रांगेत उभी राहायची.

नोंदीसाठी: सत्तर सालची शेवेल, वेगासाठीच बनवलेली गाडी. काळीकुट्ट, बॉनेटवर केशरी ज्वाळा. सॅगिनॉच्या ड्वेन पिकेटने स्वतःच्या हातांनी नवी केलेली. मूळ इंजिन काढून दुप्पट ताकदीचं टाकलंय, आणि ते मावेना म्हणून बॉनेट कापून हवा ओढणारा डबा वर काढलाय. समोरून बघितलं की आ वासल्यासारखी दिसते. मागची चाकं बैलगाडीला शोभतील एवढी रुंद. डिकीवर रंगवलंय, ‘सॉरी, आई’.

मार्चमध्ये रिटायर झालो, एप्रिलमध्ये घेतली. ड्वेनने मला शेजारी बसवून फिरवून आणलं होतं. माझे डोळे जवळजवळ पूर्ण वेळ उघडे होते. मग गाडी ट्रेलरवर घालून घरी आणली. टायर झिजू नयेत म्हणून.

२९ मे, गुरुवार

साप्ताहिकात जाहिरात दिली. मजकूर माझाच: ‘विकणे आहे. अत्यंत शक्तिमान. अनुभवी, धाडसी आणि शक्यतो मागे कोणी रडणारं नसलेल्या चालकासाठी. कमकुवत हृदयाच्यांनी चौकशी करू नये.’

फोनवरच्या मुलीने विचारलं, “सर, गाडी विकताय की वाघ?” आजकालच्या मुलांना नेमकं लिहिणं कळत नाही.

आयुष्यभर विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासले. रस्त्यावर काय काय होतं ते मला ठाऊक आहे. बाकीचे लोक ज्याला भीती म्हणतात, त्याला आमच्या धंद्यात अंदाज म्हणतात.

३१ मे, शनिवार. सकाळी.

रूडी येऊन गेला. रूडी व्हँडरलान म्हणजे शेजारी, हार्डवेअरचं दुकान, आणि चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीच्या कमिटीचा अध्यक्ष. कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, “वेन्डेल, एकमताने ठरलं. यंदा मिरवणुकीत आगीच्या बंबामागे पहिली तुझी गाडी.”

मी कॉफी सांडली.

चूक डॉलीच्या कॅफेची आहे. एप्रिलमध्ये तिथं कोणीतरी विचारलं, कशी पळते? मी म्हटलं, पळते कसली, उडते. मग लोक ऐकत गेले आणि मी सांगत गेलो. सॅगिनॉहून येताना एका पोलिसाला मागे टाकलं, इथपर्यंत सांगून झालं. ट्रेलरचा विषय निघाला नाही.

रूडीला म्हटलं, मान मोठा आहे, पण गाडी तोवर विकली गेलेली असेल. तो म्हणाला, “नाही विकली गेली तर?” मी हसलो. तोही हसला. मग त्याने आपल्या फुलझाडांकडे बघितलं. एप्रिलमध्ये माझी गाडी एकदाच गॅरेजबाहेर आली, तेव्हा ती आमची टपालपेटी घेऊन त्याच्या हायड्रेंजियात जाऊन थांबली होती. पेटी जुनीच होती. कधीतरी जाणारच होती.

म्हणजे चार जुलैच्या आत विकायची. सोपं आहे. अशा गाड्यांवर लोक तुटून पडतात.

३ जून, मंगळवार

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी गाडी बाहेर काढायची, गावाला एक फेरी, परत. गिऱ्हाईक आलं की हात सरावलेला दिसला पाहिजे.

४ जून, बुधवार

दव फार होतं.

५ जून, गुरुवार

दव नव्हतं, पण रस्त्यावर खारी होत्या. मुक्या जिवांचा विचार कोणीतरी करायला हवा.

फेरीऐवजी जागेवरच इंजिन चालू केलं. माझी पद्धत: चारही चाकांपुढे-मागे लाकडाचे ठोकळे. गिअर न्यूट्रलला. मी बाहेर उभा. खिडकीतून हात आत घालून किल्ली फिरवायची आणि दोन पावलं मागे.

आवाज झाला तशी शेल्फवरची रंगाची डबडी चालायला लागली. गाडी उभ्या जागी डावी-उजवीकडे झुलत होती, बांधलेलं जनावर झुलतं तशी. पुन्हा खिडकीत हात घालून बंद करायला जरा वेळ लागला. घाई नको म्हणून.

बंद केल्यावरही बराच वेळ आतून टिक, टिक, टिक येत राहतं. लोखंड थंड होताना येतं. शास्त्रीय कारण आहे. स्वयंपाकघराची भिंत गॅरेजला लागून आहे, म्हणून आज बाहेर व्हरांड्यात जेवलो.

७ जून, शनिवार

पहिलं गिऱ्हाईक! एमॉस टल. काळा सूट, मऊ हात, मऊ आवाज. पलीकडच्या गावात अंत्यविधीचा व्यवसाय आहे त्यांचा.

ते म्हणाले, “अलीकडे लोकांना शेवटचा प्रवास जरा दणक्यात हवा असतो. शववाहिकेच्या पुढे ही चालली तर शोभा येईल.” मग गाडीभोवती सावकाश फिरले. मग, का कोण जाणे, माझ्याभोवतीही फिरले.

सगळं आवडलं त्यांना. म्हणाले, “चला, एक फेरी मारू. तुम्ही चालवा, मी ऐकतो.” मी म्हटलं, आपणच चालवा, मी इथून ऐकतो. ते म्हणाले, “बरं, मी चालवतो. तुम्ही शेजारी बसा.” मी म्हटलं, माझी पाठ धरलीय.

त्यांनी माझ्याकडे फार प्रेमाने बघितलं. म्हणाले, “मिस्टर स्ट्रूप, जो माणूस स्वतःच्या गाडीत बसत नाही, त्याची गाडी मी घेत नाही.” जाताना आपलं कार्ड देऊन गेले. “राहू द्या जवळ.”

कार्ड खिशात ठेवलं होतं. नंतर कचऱ्यात टाकलं. मग कचऱ्याची पिशवी बाहेर नेऊन ठेवली.

१४ जून, शनिवार

आज फ्लिंटहून एकजण आला. दाढीवाला, दंडावर गरुड गोंदलेला. मी बसणार नाही म्हटल्यावर तो एकटाच घेऊन गेला. “दहा मिनिटांत आलो,” म्हणाला. आपली जुनी पिकअप दारात ठेवून गेला.

तासभर झाला. नाही आला.

दोन तास. नाही.

गाडी चोरीला गेली! भयंकर धक्का बसला. त्या धक्क्यात बागेला पाणी घातलं, दोन सँडविच खाल्ले, गॅरेज झाडून काढलं. किती मोठं दिसतं ते! नेडीन म्हणाली, “शिट्टी काय वाजवतोयस?” मी म्हटलं, माणूस दुःख आपापल्या परीने बाहेर काढतो. मग आरामखुर्चीत अशी झोप लागली, की एप्रिलपासून तशी लागली नव्हती.

संध्याकाळी लांबून तो आवाज आला. आधी मला स्वप्न वाटलं.

गरुडवाला सासूला गाडी दाखवायला गेला होता. सासूलाही आवडली. घेतो म्हणाला. “फक्त एकदा तू शेजारी बस आणि मला सांग, वरच्या गिअरला ती खोकते ते मुळातलंच का.” मी म्हटलं, कानात दडे बसलेत. तो दाढी खाजवत उभा राहिला. “काका, काय झालंय हिला? कोण मेलंय का हिच्यात?” मी म्हटलं, अजून नाही.

‘अजून’ म्हणायला नको होतं. तो पिकअप घेऊन गेला.

१९ जून, गुरुवार

अडचण कळली. लोकांना मालक गाडीत बसलेला बघायचा असतो. हरकत नाही. नवा संकल्प: रोज बसायचं. आधी इंजिन बंद ठेवून. हळूहळू.

आज बसलो. दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर.

नेडीन कॉफी घेऊन आली आणि दुसऱ्या बाजूने शेजारी येऊन बसली. तिने केस बांधले होते, लिपस्टिक लावली होती. समोर गॅरेजची भिंत, भिंतीवर बागेची नळी टांगलेली. ती म्हणाली, “कुठं जायचं?” मी म्हटलं, तपासणी चाललीय. ती म्हणाली, “ट्रॅव्हर्स सिटीला जाऊ. तळ्याच्या कडेकडेने. तिथल्या बेकरीतला चेरी पाय खाऊ आणि परत येऊ.” मी म्हटलं, पेट्रोलचा दर्जा सध्या बरोबर नाही.

बराच वेळ आम्ही त्या नळीकडे बघत बसलो. मग ती कप घेऊन आत गेली.

ते तिसरं कारण आता आठवलं. लिहायचं राहू दे.

२३ जून, सोमवार

रूडीने नवीन बातमी आणली. माझ्या शेजारच्या सीटवर मिसेस फेन्विक बसणार. गावातल्या सगळ्यात वयस्कर. शहाण्णव वर्षांच्या. अर्ध्या गावाला त्यांनी चौथीत शिकवलंय, त्यात मी आणि रूडीही आलो. वजन एखाद्या चिमणीएवढं.

म्हणजे आता माझ्या हातात गावाची आजी. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुलं. मिरवणुकीत पुढचे लोक गोळ्या-चॉकलेटं उधळतात आणि मुलं ती वेचायला रस्त्यात धावतात. दरवर्षी धावतात. मीही धावायचो.

एका दाव्याच्या फायलीत फोटो होता. लहान मुलाचा एक बूट, रस्त्यावर उभा. बाकी फोटोत काहीच नव्हतं. ती फाईल मी बंद केली त्याला वीस-बावीस वर्षं झाली असतील.

जाहिरातीतली किंमत कमी केली. ‘कमकुवत हृदयाच्यांनी’ हे वाक्यही काढलं.

२६ जून, गुरुवार

डॉक्टरकडे गेलो. म्हटलं, उजवा पाय दुखतो, चार जुलैला जास्तच दुखेल असं वाटतं. त्यांनी पाय तपासला, मग नाडी धरली. म्हणाले, “पाय उत्तम आहे. नाडी मात्र आत्ता कोणीतरी पाठीमागे लागल्यासारखी पळतेय. काही काळजी आहे का?” मी म्हटलं, छे, गाडीची हौस आहे. उत्साहाने होतं.

चिठ्ठी दिली नाही. म्हणाले, “मी येणार आहे बघायला. पोरांनाही आणतोय.”

पोरांना आणतोय!

३० जून, सोमवार

जाहिरातीवर एक फोन आला. चुकीचा नंबर निघाला. तरी मी त्याला गाडीची पूर्ण माहिती दिली.

संध्याकाळी रूडी कुंपणाशी आला. कुंपणाचा खिळा उगाच बोटाने दाबत म्हणाला, “हे बघ, गाडीची काही कुरबुर असेल तर सांग. माझ्या मेव्हण्याचा ट्रॅक्टर आहे, गवताच्या पेंढ्यांची गाडी आहे. बाईंना त्यात बसवू. कोणी काही म्हणणार नाही.”

मला रागच आला. ट्रॅक्टर! मी म्हटलं, रूडी, वेन्डेल स्ट्रूपने शब्द दिलाय. तो म्हणाला, “तसं नाही रे, मी आपलं...” मी म्हटलं, विषय संपला.

विषय का संपवला? घरात येऊन सिंकला धरून उभा राहिलो. धावत परत जाऊन सांगायचं होतं, पण तोवर त्याने व्हरांड्यातला दिवा लावला होता आणि ते लोक जेवायला बसले होते. लोकांच्या जेवणात व्यत्यय आणणं बरं नाही.

२ जुलै, बुधवार

तालीम केली. अभूतपूर्व यश.

नेडीन अंगणात उभी राहून दोन्ही हातांनी खुणा करत होती. मी आत, दार बंद, दोन्ही पाय आत. किल्ली फिरवली. क्लच एवढा कडक, की दाबला की मी सीटवरून वर उचलला जातो. सोडला तर गाडीने अशी उडी मारली, की नेडीन पायरीवर चढली. मग बंद पडली. पुन्हा चालू. पुन्हा उडी. पुन्हा बंद. असं करत रस्त्यापर्यंत पोचलो. नवी टपालपेटी शाबूत.

परत मागे घेण्याची कला आजच्या अभ्यासक्रमात नव्हती. रूडीने येऊन गाडी आत लावून दिली. न विचारता. माझा शर्ट पिळून काढला असता तर बादली भरली असती. उकाडा फार आहे यंदा.

नेडीन म्हणाली, “वेन्डेल, नाही म्हण. मी सांगू का जाऊन?” मी म्हटलं, काय सांगशील? ती म्हणाली, “खरं ते.” मी म्हटलं, खरं हे आहे की सगळी तयारी झालीय.

४ जुलै, शुक्रवार. सकाळी.

आभाळात एक ढग नाही. महिनाभर हवामान खात्याने पावसाच्या बाता मारल्या.

रूडीने निरोप धाडला की गाडी सुरुवातीच्या जागेवर तोच नेऊन लावतो, कमिटीचा नियम आहे म्हणे, मी फक्त मिसेस फेन्विकना घेऊन यायचं. असा नियम मी कधी ऐकला नव्हता. पण नियम तो नियम. नेडीनच्या गाडीतून जातोय.

नाश्ता गेला नाही. हे लिहितानाही अक्षर असं का येतंय, पेन बदलायला हवं.

४ जुलै. दुपारी.

झालं ते सगळं जसंच्या तसं लिहितो.

मेन स्ट्रीटवर माणसांचा समुद्र. घडीच्या खुर्च्या, लिंबू सरबत, झेंडे. माझ्या गाडीच्या पुढे बंब, मागे शाळेचा बँड. गाडीच्या दोन्ही बाजूंना रूडीने शाळेच्या फुटबॉल टीमची दांडगी मुलं उभी केली होती. “बंदोबस्त,” म्हणाला. बंबावरच्या लोकांना तो ओरडून सांगत होता, “गोळ्या लोकांच्या मागे टाका, मागे! वेन्डेलच्या पुढे एक गोळी पडली तर याद राखा!” म्हटलं, माणूस शिस्तीचा आहे.

मिसेस फेन्विकनी निळी टोपी घातली होती. मी त्यांना रेसवाल्यांसारखा चार पट्ट्यांचा बेल्ट बांधला. त्या म्हणाल्या, “बाळा, मला पार्सल करून पाठवतोयस की काय?” मला हसू आलं नाही. मी फुटपाथकडे बघत होतो. पहिल्या रांगेत सगळी मुलंच. उकिडवी बसलेली, चवड्यांवर, हातात पिशव्या. शर्यत सुटायच्या आधी बसतात तशी.

बंबाचा भोंगा झाला. मी किल्ली फिरवली. तो आवाज, आणि दोन्ही बाजूंच्या घरांवरून परत येणारा तो आवाज. लहान मुलांनी कानांवर हात ठेवले. क्लचवरचा माझा पाय थरथरत होता. मी त्याला सांगत होतो, थांब, थांब, आणि तो दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा थरथरत होता. गाडी हातभर पुढे उडाली. थांबली. पुन्हा उडाली.

लाल शर्टातलं एक पोरगं फुटपाथवरून खाली उतरलं. त्याच्या बहिणीने त्याला कॉलर धरून मागे ओढलं. झालं एवढंच. कोणाच्या लक्षातही आलं नसेल. मला पुढचं काही दिसेना. सगळं पांढरं, मधे फक्त तो लाल ठिपका.

तेवढ्यात माझ्या मनगटावर एक हात आला. कागदासारखा सुकलेला हात. मिसेस फेन्विक माझ्या कानाशी म्हणाल्या, “वेन्डेल, बाळा, मला फार भीती वाटतेय रे. आवाज सहन होत नाही. बंद करतोस का? माझ्यासाठी?”

मी किल्ली फिरवली.

काय शांतता झाली! बँडसुद्धा थांबला. मग कोणीतरी हसायच्या आत रूडीने शिट्टी वाजवली आणि ती दांडगी मुलं गाडीला भिडली. मागून सहा, बाजूंनी चार-चार. गाडी सुरू झाली, मऊ, बिनआवाजी, एखादी होडी जावी तशी. माझ्या पायांना काही काम नव्हतं. मी स्टिअरिंग धरलं आणि सगळी मेन स्ट्रीट पार केली. लोक टाळ्या वाजवत होते. मी हात हलवला. बाई झेंडा हलवत होत्या. चर्चपाशी तर मी कोपर खिडकीत टेकवलं होतं.

सांगायला हरकत नाही: एवढा सुंदर प्रवास मी उभ्या जन्मात केला नाही.

आणि का केला? एका म्हातारीच्या भीतीचा मान राखून. सगळ्या गावासमोर आपली गाडी बंद पडल्याची नामुष्की पत्करली मी. याला काळीज लागतं. ज्याला स्वतःला भीती ठाऊक नाही, तोच दुसऱ्याची भीती अशी सांभाळू शकतो.

५ जुलै, शनिवार

डॉलीच्या कॅफेत गेलो. टोमणे खायची तयारी करून गेलो होतो. कोणी एक शब्द बोललं नाही. डॉलीने न मागता चेरी पायची बशी आणून ठेवली. डॉक्टर पाठीवर थाप मारून गेले. सगळे इतके गोड वागत होते की मला अवघडायला झालं. त्यांना वाटत असणार, गाडीत बिघाड आहे.

तेव्हा मला थोडा खुलासा करावा लागला. म्हटलं, बिघाड वगैरे काही नाही. फेन्विकबाई घाबरल्या होत्या. अक्षरशः कापत होत्या. त्यांनी गयावया केली म्हणून मी बंद केली. पण हे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका, बिचाऱ्यांना वाईट वाटेल.

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. डॉली म्हणाली, “भला माणूस आहेस, वेन्डेल.”

तसा मी आहेच.

घरी येऊन नेडीनलाही सांगितलं. तिने टॉवेलाची घडी घातली, उलगडली, परत घातली. 

६ जुलै, रविवार

गाडी गेली.

दुपारी मिसेस फेन्विक आल्या. त्यांचा नातू नेल्सन घेऊन आला होता. ग्रँड रॅपिड्सला दाताचा डॉक्टर आहे. म्हणाला, मिरवणुकीत गाडी बघितली, आजी म्हणाली घेऊन टाक, एक चक्कर मारून बघू का?

मी बाईंसाठी खुर्ची आणली. म्हटलं, तुम्ही इथं सावलीत बसा, त्या आवाजाचा तुम्हाला त्रास होतो. त्यांनी खुर्चीकडे बघितलंच नाही. गाडीचं दार उघडलं, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि आत जाऊन बसल्या. बेल्टसुद्धा आपला आपण लावला.

नेल्सनने गाडी रस्त्यावर घेतली. कोपऱ्यापर्यंत सभ्यपणे गेली. मग बाईंचा आवाज आला. चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, तोच आवाज. “अरे, मिरवणूक संपली! दाब की!”

आणि त्याने दाबला. रस्त्यावर टायरांचा धूर राहिला, गाडी दिसेनाशी झाली.  लांबून आवाज ऐकू येत होता, तळ्याकडे जाताना, वळताना, परत येताना. मी त्या छोट्याशा निळ्या टोपीला दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

परत आल्या तेव्हा बाईंचे पांढरे केस उभे झाले होते आणि गालांवर रंग चढला होता. म्हणाल्या, “आणखी एकदा.”

नेडीनने एप्रन काढला, पायरीवर ठेवला, आणि म्हणाली, “मला घ्या मागे.” माझ्याकडे बघून म्हणाली, “जाऊन येते रे.” मागच्या सीटवर चढताना ती वीस वर्षांची दिसली. आणि गेल्या. दोघींचं हसणं इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येत होतं.

या वेळी बराच वेळ लागला.

व्यवहार नेल्सनशी लगेच ठरला. त्याने मला गाडीत बसायला सांगितलं नाही. तो कागदांवर सह्या करत होता तेव्हा मी बाईंना टोपी परत दिली. विचारणार नव्हतो, पण विचारलं. म्हटलं, त्या दिवशी तुम्हाला भीती वाटली होती ना?

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. माझं मनगट परत तसंच धरलं. म्हणाल्या, “हो तर, बाळा. खूप वाटली.” आणि एक डोळा मिटला.

गाडी गेली. ‘सॉरी, आई’ कोपऱ्यावरून वळताना दिसलं, मग नाही दिसलं.

नेडीन पायरीवर बसून केसांतला गुंता सोडवत होती. मी शेजारी बसलो. म्हटलं, नेडीन, बाई त्या दिवशी घाबरल्या नव्हत्या. तिने मान हलवली. मी म्हटलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, “मला ठाऊक होतं, रूडीला ठाऊक होतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, वेन्डेल. नाहीतर ढकलायला एवढी पोरं आधीपासून कशाला उभी केली असती?”